पानी कितलं शे?

पांझरेच्या काठी, धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात, एक गाव होतं. गावात अकरा बायकांचा बचत गट होता. महिन्याला शंभर रुपये भरायचे, अडीनडीला त्यातूनच कर्ज काढायचं आणि उन्हाळा लागला की वाळवणं करून विकायची, असा त्यांचा शिरस्ता. ज्वारीच्या बिबड्या, नागलीचे पापड, कुरडया आणि बारा महिने चालणारा काळा मसाला. माल साक्रीच्या बाजारात जायचा, नाहीतर सुरतेला पोटापाण्यासाठी गेलेल्या नातेवाइकांच्या पिशव्यांतून जायचा. खान्देशात घरटी कोणीतरी सुरतेला असतंच, आणि सुरतेत राहून बिबडीची आठवण न येणारा खान्देशी माणूस अजून जन्मायचा आहे.

गटाची अध्यक्ष अक्का. अक्काची सून बारावी झालेली, फोनवर बोटं चालणारी. सगळं गाव तिला सूनबाईच म्हणायचं. तिने सुचवलं, पिशव्यांतून किती दिवस पाठवायचं? ऑनलाइन विकू. अकरा जणींचं मिळून एक सेलर अकाउंट काढू.

एकच का, हे सांगायला हवं. ऑनलाइन बाजारात दुकान मांडायचं तर पॅन लागतो, बँकेचं खातं लागतं, माल खाण्याचा असेल तर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर लागतो. पापडाला जीएसटी नाही, पण मसाल्याला आहे. पुढे ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला राज्यातल्या राज्यात ऑनलाइन माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती राहिली नाही, हे खरं; पण सुरत पडली गुजरातेत. तिथे मसाला पाठवायचा तर नोंदणी आलीच. हे सगळं अकरा जणींनी अकरा वेळा करायचं म्हणजे पापडांऐवजी कागदच वाळवत बसायचे. म्हणून गटाचा एक पॅन, एक नोंदणी, एक बँक खातं. माल उचलायचा पत्ता एकच, अक्काची ओसरी. ओटीपी येणार सूनबाईच्या फोनवर. लेबल छापायचं छोटं मशीन एक, आणि पॅकिंगचं टेबलही एकच.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग एक गंमत बायकांच्या लक्षात आली. ज्या मालापुढे ‘स्टॉक संपला’ असं येतं, तो माल खाली जातो आणि दुसऱ्या कोणाचा तरी वर येतो. ज्या मालापुढे आकडा मोठा, तो निवांत वर बसून राहतो. मग काय, नागलीवाल्या मावशीकडे साठ पाकिटं होती, तिने दोनशे लिहायला सांगितली. बिबड्या करणाऱ्या दोघी जावांनी शंभराची अडीचशे केली. मसालेवाली नानी सगळ्यांत धोरणी. तिने पाचशेच लिहिले. सूनबाईने एकदा विचारलं, “नानी, एवढा मसाला आहे का घरात?” नानी म्हणाली, “व्हई जाई.”

हा ‘व्हई जाई’ आपल्याकडचा फार जुना रोग आहे. होऊन जाईल, म्हणजे कोणीतरी करील, म्हणजे मी नाही.

२०२४ ची आखाजी मे महिन्याच्या दहा तारखेला होती. अक्षय्य तृतीया बाकी महाराष्ट्रात सोन्याच्या दुकानांची असते. खान्देशात ती माहेरी आलेल्या लेकींची, झोक्यांची आणि पुरणपोळीची असते. सणाच्या आधी पंधरा दिवस ऑर्डरी वाढू लागल्या. तीस, पन्नास, सत्तर, आणि एके दिवशी नव्वद. घरात आनंदीआनंद. अक्काचा भाचा धुळ्याला मोबाइलच्या दुकानात कामाला, तो फोन करून म्हणाला, “मावशी, आता गाडी घ्या.”

त्याच आठवड्यात आभाळ आलं.

बिबडी कशी होते ते ज्याने पाहिलंय त्याला आभाळाचा अर्थ कळेल. ज्वारी भिजत घालायची, आंबवायची, सुकवून दळायची. पीठ शिजवून घट्ट घाटा करायचा, त्यात लसूण, जिरं, तीळ, मीठ. मग ओल्या धोतरावर हाताने एकेक बिबडी थापायची आणि कापडासकट ऊन द्यायचं. वाळली की कापड उलटं करून मागून पाण्याचा हबका मारायचा, तेव्हा ती सुटते. आणि सुटलेली बिबडी पुन्हा उन्हात. यातलं कुठलंच ऊन उसनं मिळत नाही. दोन दिवस ढग राहिले तर थापलेला घाणा आंबूस होतो, तिसऱ्या दिवशी गुरांपुढे जातो. जावांचे दोन घाणे तसेच गेले. ऑर्डरी मात्र येतच राहिल्या, कारण खात्यात अडीचशे पाकिटं शिल्लक दिसत होती.

सूनबाईने ऑर्डरी रद्द करायला सुरुवात केली. ज्या रद्द केल्या नाहीत त्या उशिरा निघाल्या. चारला माल उचलणारा पोरगा मोटरसायकल घेऊन यायचा, तेव्हा निम्मी पाकिटं उघडीच असायची. कधी मशीनमधली लेबलं संपलेली, कधी लाइट गेलेली. पोरगा पाच मिनिटं थांबायचा, घड्याळ बघायचा आणि जायचा.

या बायका कुठल्या बाजारात विकत होत्या ते सोडा. नियम सगळीकडे एकाच जातीचे. अ‍ॅमेझॉन तर आकडेच सांगून ठेवतं: उशिरा निघालेला माल चार टक्क्यांच्या आत हवा, विक्रेत्याने रद्द केलेल्या ऑर्डरी अडीच टक्क्यांच्या आत. म्हणजे शंभरात तीन ऑर्डरी रद्द केल्या की वेस ओलांडली. इथे तर पाचातली एक जात होती. आखाजीच्या चार दिवस आधी सकाळी संदेश आला, खातं तात्पुरतं बंद. नवी ऑर्डर येणार नाही, जमा झालेले पैसे निर्णय होईपर्यंत मिळणार नाहीत.

पैसे अकरा जणींचे होते. चूक कोणाची, हे त्या खात्याला कळत नव्हतं.

मग अक्काच्या ओसरीवर जे व्हायचं ते झालं. नानी म्हणाली, माझा मसाला डब्यात तयार असताना माझे पैसे का अडकावे? या दोघींना गटातून काढा. थोरली जाऊ म्हणाली, ऊन काय माझ्या बापाचं आहे का? नागलीवाली मावशी म्हणाली, भांडण नको, रोज जितक्या ऑर्डरी येतील त्याचे अकरा सारखे भाग करा. हे ऐकायला न्यायाचं वाटलं, म्हणून दोन मिनिटं सगळ्या गप्प बसल्या. मग कोणीतरी विचारलं की सुरतेच्या बाईने मसाला मागितला तर तिला वाट्याला आलेल्या कुरडया पाठवायच्या का?

भाचा धुळ्याहून आलाच होता. त्याने आपला तोडगा काढला. “खातं बंद झालं ना? दुसरं काढू. मामीच्या नावाने. फोन दुसरा, माल हाच. कोणाला कळतंय?” आणि बंद खात्यासाठी त्याने इंटरनेटवरून एक माफीपत्र उतरवून पाठवलंही. त्यात अशी वाक्यं होती की वाचून वाटावं, या बायकांचं मुंबईत गोदाम आहे. दोन दिवसांत नकार आला.

दुसऱ्या खात्याबद्दल दोन शब्द. जिचा स्वतःचा पॅन आहे, स्वतःचा परवाना आणि माल आहे, तिने वेगळं खातं काढलं तर ते तिचं हक्काचं दुकान. पण तोच माल, तोच पत्ता, तेच टेबल आणि नाव तेवढं मामीचं, हे बाजाराला आज ना उद्या कळतं; पत्ता जुळतो, बँक जुळते, आणि मग दोन्ही दारं एकदम बंद होतात. शिवाय खातं दोन झाल्याने ऊन दुप्पट पडणार होतं थोडंच?

हे सगळं समोरच्या ओट्यावरून जिभाऊ ऐकत होते. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत. जिभाऊ पूर्वी फडावर पाटकरी होते. पांझरेवर आणि तिच्या शेजारच्या नद्यांवर दगडी बंधारे घालून, पाट काढून, सगळ्या गावाने मिळून पाणी वापरायची ही फडाची रीत तीन-चारशे वर्षं जुनी आहे. रान चार फडांत वाटलेलं, एका फडात एकच पीक, आणि कुठल्या फडाला कधी पाणी द्यायचं ते पंच ठरवणार. ते पाणी प्रत्यक्ष सोडायचं काम पाटकऱ्याचं. वर धरणं झाली, खाली विहिरी झाल्या, आणि पुष्कळ ठिकाणचे फड मोडले. पण जिभाऊंची नजर मोडली नव्हती.

ते काठी टेकत ओसरीवर आले आणि सूनबाईला एकच प्रश्न विचारला.

“पानी कितलं शे?”

सूनबाईला वाटलं, म्हाताऱ्याला तहान लागली. ती तांब्या घेऊन आली. जिभाऊ हसले. म्हणाले, “ते पाणी नाही गं माय. तुमचा पाट दिवसाला किती वाहतो? किती डबे बांधून होतात?”

कोणालाच सांगता येईना. किती ऑर्डरी आल्या हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. किती झेपतात हे अकरातल्या एकीनेही कधी मोजलं नव्हतं.

बोधकथेत तात्पर्य शेवटी सांगायची रीत आहे, पण मग वाचणारा उडी मारून तिथेच जातो. म्हणून मी ते इथेच सांगून टाकतो. वस्तू सामाईक असेल तर हिस्सा मागायच्या आधी माप सांगावं, सगळ्यांचं मिळून जे आहे त्याचं आणि आपापलंही, आणि ते खरं सांगावं. बस, एवढंच. बाकीची गोष्ट त्या बायकांनी ते कसं केलं याची आहे, आणि मला विचाराल तर तीच जास्त कामाची.

दुसऱ्या दिवशी जिभाऊंनी त्यांना मोजायला बसवलं. खातं बंद होतं, म्हणून खोट्या ऑर्डरी घेऊन बांधाबांध केली. भिंतीवरच्या घड्याळाकडे थोरल्या जावेची पोर लक्ष ठेवून. मसाल्याच्या पाकिटाला चार मिनिटं लागली: पाकीट, खोका, चिकटपट्टी, लेबल. बिबड्यांना दहा. बिबडी काचेसारखी फुटते. खाली कागदाचे बोळे, वर कागदाचे बोळे, मधे पुठ्ठा, आणि खोका हलवून कानाला लावायचा, वाजला तर पुन्हा उघडायचा. घरची कामं उरकून अकराला बसायचं आणि चारला पोरगा येणार, म्हणजे पाच तास, तीनशे मिनिटं. नुसता मसाला बांधला तर पंचाहत्तर खोके. नुसत्या बिबड्या बांधल्या तर तीस. आणि या बायकांनी दोन्ही मिळून नव्वद ऑर्डरी घेतल्या होत्या.

“तीस,” जिभाऊ म्हणाले. “पाटाची मोजणी वाईट दिवसाची धरायची.”

सूनबाईने खात्याच्या सेटिंगमध्ये शोधलं, तेव्हा तिथे चक्क एक चौकटच होती: दिवसाला जास्तीत जास्त किती ऑर्डरी घ्यायच्या. पहिल्या दिवसापासून ती रिकामी पडली होती.

पण तीस ऐकून नानी उसळली. तिचंही चूक नव्हतं. बिबडीला वेळ लागतो म्हणून मसाल्याने का मागे राहायचं? इथे जिभाऊंनी फडाची गोष्ट काढली. पाणी कमी असलेल्या वर्षी पंच काय करायचे? सगळ्या फडांना थोडं थोडं नाही द्यायचे. अर्धं पाणी दिलेला ऊस अर्धा येत नाही, मरतो. ते एखादा फड त्या वर्षी कोरडाच ठेवायचे आणि बाकीच्यांना पोटभर द्यायचे. नानीने लगेच विचारलं, “आणि ज्याचं शेत कोरड्या फडात, त्याने काय खायचं?” जिभाऊ म्हणाले, “बहुतेकांचा एकेक तुकडा सगळ्याच फडांत असायचा. म्हणून तर कोणी भांडायचं नाही.”

हे मात्र कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. या गटात प्रत्येकीचं शेत एकाच फडात होतं. नानीचा सगळा जीव मसाल्यात, जावांचा सगळा बिबडीत. आभाळ आलं की एकीचं सगळं जाणार, आणि म्हणून ती खोटा आकडा लिहिणार.

गावात येणारी, बचत गटांसाठीच्या सरकारी ‘उमेद’ अभियानाची ताई दर बैठकीत लिज्जत पापडाची गोष्ट सांगायची: १९५९ साल, मुंबईतलं गिरगाव, सात बायका, ऐंशी रुपयांचं कर्ज. सगळ्यांना पाठ होती. पण लिज्जतमध्ये पीठ वजन करून घरी न्यायचं आणि लाटलेले पापड वजन करून परत द्यायचे असतात, हा भाग कोणी लक्षात ठेवला नव्हता. ऐंशी रुपये ऐकायला छान वाटतात. तराजूची गोष्ट कंटाळवाणी असते.

मग तोडगा निघाला, तो सूनबाईच्या हिशेबातून. बिबड्या रोज दहाच विकायच्या. दहा दाहे शंभर मिनिटं. उरलेल्या दोनशे मिनिटांत मसाला, नागली, कुरडया मिळून पन्नास. चौकटीत साठ. बिबडीचा स्टॉक एकदम भरायचा नाही. रोज सकाळी दहा टाकायच्या, त्याही आदल्या संध्याकाळी डब्यात मोजलेल्या असतील तरच. आभाळ आलं की बिबडी बंद, त्या दिवसांत जावांनी मसाल्याच्या मिरच्या निवडायच्या आणि त्याचा वाटा घ्यायचा. नानीने आपल्या शेतातली ज्वारी बिबडीला द्यायची, म्हणजे बिबडी विकली तर चार पैसे तिलाही. फडावर पिकाची राखण करायला जागल्या असायचा. इथे ते काम थोरल्या जावेच्या पोरीकडे आलं. संध्याकाळी वही घेऊन अकरा घरं फिरायची, डबे उघडायचे, मोजायचे, लिहायचे. ती चौदा वर्षांची पोर नानीलासुद्धा म्हणायची, “डबा दाखव.”

नानीला हे आवडलं असं मी म्हणणार नाही. पहिले आठ दिवस ती पोरीशी बोलली नाही.

सूनबाईने बाजाराला दुसरं पत्र लिहिलं. या लोकांना तीन गोष्टी हव्या असतात: काय बिघडलं, काय दुरुस्त केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. तिने भाच्याचं इंग्रजी बाजूला ठेवलं आणि साधं लिहिलं. आमच्याकडे एक टेबल आहे. दिवसाला साठ खोके होतात, आम्ही नव्वद घेतले. घरात नसलेला माल आम्ही खात्यात दाखवला. आता मर्यादा साठ केली आहे, स्टॉक रोज मोजून भरतो. सोबत वहीच्या पानाचा फोटो जोडला. खातं उघडलं, पण तोवर आखाजी होऊन गेली होती. सुरतेच्या ऑर्डरी दुसऱ्यांकडे गेल्या. उरलेला माल साक्रीच्या बाजारात मिळेल त्या भावाने विकावा लागला, आणि त्या वर्षी जावांच्या हाती फारसं काही लागलं नाही. अडकलेले पैसे मात्र परत आले.

साठची मर्यादा पहिल्या दिवशी दुपारी बारालाच भरली. भाच्याचा जीव कासावीस. “अजून येतायत, वहिनी! ऐंशी कर.” सूनबाई म्हणाली, टेबल तेवढंच आहे. चारला पोरगा आला, तेव्हा साठही खोके ओसरीच्या कडेला रचून ठेवलेले. तो म्हणाला, आज मला थांबायला नको का? मग पाणी पिऊन गेला.

गणपतीनंतर दिवाळीची चाहूल लागली, तसा भाच्याने पुन्हा विषय काढला. या खेपेला सूनबाई नाही म्हणाली नाही. तिने यादी दिली: दुसरं टेबल, लेबलचं दुसरं मशीन, आणि लाइट गेली तर चालेल अशी बॅटरी. शिवाय आणखी एक हिशेब तिने काढून ठेवला होता. गटाची एफएसएसएआय नोंदणी वर्षाला बारा लाखांच्या उलाढालीपर्यंतची होती. एकेकीची उलाढाल त्याच्या कितीतरी आत होती, पण खातं एक म्हटल्यावर बेरीजही एकच, आणि दिवाळी चांगली गेली तर ती बारा लाखांना टेकणार होती. त्यापुढे तेव्हा राज्याचा परवाना लागायचा, त्याला वेळ लागायचा. अर्ज आत्ताच करायला हवा होता. भाचा डोकं खाजवत म्हणाला, “हे पण मोजायचं?”

तो धुळ्याहून जुनं मशीन घेऊन आला. टेबल गावच्या सुताराने केलं. बायकांनी पुन्हा एक दिवस खोट्या ऑर्डरी बांधल्या, पोरगी पुन्हा घड्याळाकडे बघत बसली. बिबड्यांचा हंगाम नव्हता, मसाला आणि नागलीच होती. संध्याकाळी सूनबाईने आकडा काढला: एकशे दहा.

“शंभर भर,” अक्का म्हणाली. “कोणाला तरी ताप येतोच.”